श्रॉपशायरच्या शेतांतून, बाबांसोबत

बाबा इकडे इंग्लंडला आले तेव्हा पहिले पंधरा दिवस घरातच बसून होते. वुल्व्हरहॅम्प्टनचं आमचं घर, मागे एवढंसं अंगण, आणि सकाळी सहालाच अंघोळ करून, आवरून खुर्चीत बसलेला माणूस. आयुष्यभर पाटण तालुक्यात तलाठी म्हणून काम केलेलं, सजातली चारही गावं पायी नाहीतर सायकलवर पालथी घातलेली, त्यांना रोज पार्कला दोन चकरा मारून काय होणार. आई म्हणाली, "ह्यांना कुठंतरी रानात घेऊन जा गं, नाहीतर मला वेड लावतील."

मी इथे सहा वर्षं राहतेय पण खरं सांगायचं तर तोपर्यंत कधी इथल्या शेतांतून चालले नव्हते. गाडीतून बघायचे, हिरव्या कुरणांच्या कडेने जाणारी पायवाट आणि तिच्या तोंडाशी 'पब्लिक फुटपाथ' लिहिलेला लाकडी खांब, आणि वाटायचं की हे इथल्या लोकांसाठी असणार, आपण कसं कुणाच्याही शेतात घुसायचं? शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे अवघडच असतं. आमच्याकडे बांधावरून पिढ्यानपिढ्या अबोले आहेत, कुणी आपल्या रानातून बैलगाडी नेली तर संध्याकाळी पारावर विषय निघतो. तरी मी ठरवलं की श्रॉपशायरला जायचं, कारण ते आमच्यापासून जवळ, पश्चिमेला अगदी वेल्सच्या सीमेला लागून, डोंगर आहेत, आणि मोठं शहर म्हणावं असं जवळपास काही नाही.

तयारी सुरू झाली नकाशापासून. ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर नकाशा, केशरी कव्हरचा, २१७ नंबर, लाँग मिंड आणि वेनलॉक एज या श्रॉपशायरमधल्या डोंगररांगांचा. मोबाइलवर ॲप आहेच पण डोंगरात रेंज जाते आणि बॅटरी संपते म्हणून कागदी घ्याच असं ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने बजावलं होतं. मी तो टेबलावर उलगडला आणि बाबा चष्मा लावून जे बसले ते जेवायला हाक मारली तरी उठेनात. स्केल एकास पंचवीस हजार, म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर, आणि त्यात प्रत्येक शेताचा बांध दाखवलेला! बाबा बोट फिरवत म्हणाले, "गट नंबर तेवढे टाकले की झाला आपला गाव नकाशा." मग हिरव्या तुटक रेषा कसल्या ते विचारलं. छोट्या तुकड्यांची रेषा म्हणजे फुटपाथ, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. लांब तुकड्यांची म्हणजे ब्रायडलवे, तिथे घोडेवाले आणि सायकलवालेही जाऊ शकतात. बाबा लगेच म्हणाले आपल्या गाव नकाशातही असंच, पायमार्ग एका तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने, पायमार्ग सव्वाआठ फुटांचा. "फक्त कागदावर," असं जरा थांबून म्हणाले. नोकरीत त्यांनी किती पाणंदी मोजल्या असतील आणि त्यातल्या किती खरोखर मोकळ्या झाल्या हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

मग त्यांचा खरा प्रश्न आला. "हा रस्ता सातबाऱ्यावर आहे का?"

मला उत्तर माहीत नव्हतं म्हणून दोघांनी बसून वाचलं. इथे १९४९ साली कायदा झाला, त्यानंतर गावागावात लोकांनी आपल्या वाटा चालून, नोंदवून दिल्या आणि त्यावरून प्रत्येक काउंटीचा एक अधिकृत नकाशा तयार झाला, त्याला डेफिनिटिव्ह मॅप म्हणतात. तो काउन्सिलच्या ताब्यात असतो आणि त्यात वाट दाखवलेली असली की ती आहे, विषय संपला. जमीन विकली गेली, मालक बदलला, चाळीस वर्षं कुणी फिरकलं नाही, तरी वाट जात नाही. जमीन शेतकऱ्याचीच, पण तिच्यावरून चालायचा हक्क सगळ्यांचा. आणि एखादी वाट नकाशात नसेल पण लोक वीस वर्षं न विचारता, उघडपणे, अडवणूक न होता वापरत असतील तर तीही सार्वजनिक ठरू शकते. वीस वर्षं ऐकल्यावर बाबा ताठ झाले. "आपलाही १८८२ चा सुखाधिकार कायदा हेच सांगतो, वीस वर्षांची वहिवाट!" मला लहानपणापासून 'वहिवाट' हा शब्द भांडणातच ऐकायची सवय, त्या दिवशी पहिल्यांदा तो आनंदाने उच्चारलेला ऐकला.

बूट घ्यायला गेलो. बाबांचं म्हणणं होतं की कॅनव्हासचे बूट चालतात, सह्याद्रीत चाळीस वर्षं चालले. पण इथला चिखल वेगळा, गवताखाली पाणी मुरलेलं असतं आणि उतारावर पाय सरकला की सरळ खाली. दुकानात सकाळी न जाता दुपारी गेलो कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, जाड मोजे घालूनच मापं घेतली, आणि दुकानातल्या उतरत्या फळीवर उभं राहून बोटं पुढे आपटत नाहीत ना ते बघितलं. हे फार महत्त्वाचं आहे, उतरताना बोटं आपटली की दुसऱ्या दिवशी नखं काळी. नवे बूट बाबांनी आठवडाभर घरात घालून पोह्यांचा नाश्ता केला. बाकी सामान म्हणजे दोघांना पावसाळी जॅकेट, एक जास्तीचा स्वेटर (ऑगस्टमध्येसुद्धा!), पाणी, थर्मास, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, शिट्टी, होकायंत्र. शिट्टी यासाठी की अडकलात तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. फोन लागला तर ९९९ ला पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू सांगायचं.

पहिला प्रयोग जुलैच्या शेवटच्या शनिवारी केला, डोंगर नको, आधी सपाटीवर. वेनलॉक एजच्या पूर्वेला कॉर्व्हडेल म्हणून लांबलचक खोरं आहे, तिथल्या एका गावात चर्चजवळ गाडी लावली. गाडी लावताना शेताचं गेट कधीही अडवायचं नाही, ट्रॅक्टर कधीही येतो, आणि त्या अरुंद रस्त्यांवर समोरून गाडी आली की कुणाला तरी मागे जावं लागतं, नवऱ्याचा तिथेच घाम निघाला.

चर्चच्या कंपाउंडमागून वाट सुरू. खांबावर पिवळा बाण म्हणजे फुटपाथ, निळा म्हणजे ब्रायडलवे. पहिल्या कुंपणाला किसिंग गेट होतं, कोंबडीच्या खुराड्याएवढ्या कप्प्यात झुलणारं दार, आपण आत शिरायचं, दार दुसऱ्या बाजूला ढकलायचं आणि बाहेर, माणूस जातो पण गुरं जात नाहीत. बाबांनी ते तीन वेळा उघडझाप करून बघितलं. पुढच्या कुंपणाला स्टाइल, म्हणजे तारेवरून किंवा झुडपी कुंपणावरून ओलांडायची लाकडी पायरी. आईच्या गुडघ्यांना दोन स्टाइलनंतरच जड गेलं म्हणून ती आणि नवरा गाडीकडे परत गेले. कुणाच्या घरी वयस्कर माणसं येणार असतील तर आधीच बघा, काही काउन्सिलच्या साइटवर स्टाइल नसलेल्या वाटा वेगळ्या दिलेल्या असतात, मी ते नंतर शिकले.

तिसऱ्या शेतात गहू. पिकलेला, कमरेएवढा, आणि त्यातून सरळ रेघेत एक मीटर रुंदीची मोकळी पट्टी समोरच्या बांधापर्यंत गेलेली. बाबा थबकले. त्यांना वाटलं कुणीतरी पीक तुडवलंय. मी सांगितलं की नाही बाबा, हे शेतकऱ्यानेच ठेवलंय, कायदाच आहे, शेताच्या मधून जाणारी वाट नांगरली तर पहिल्या वेळी चौदा दिवसांच्या आत पुन्हा करून द्यायची, किमान एक मीटर, आणि पीक वाढलं की तेवढी पट्टी मोकळी ठेवायची. बांधाच्या कडेने जाणारी वाट तर नांगरायचीच नाही. बाबा त्या पट्टीत शिरले, दोन्ही हात बाजूच्या ओंब्यांवरून फिरवत, आणि पूर्ण शेत संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी मागे चालत होते. पलीकडे गेल्यावर म्हणाले, "वीस माणसं मध्ये बसवून, पंचनामे करून, पोलीस बंदोबस्त लावून मी असली एक वाट मोकळी करून दिली होती. दुसऱ्या पावसाळ्यात परत नांगरली." मग पाण्याची बाटली मागितली.

पुढे गडबड झाली. नकाशावर वाट झुडपी कुंपणातून पलीकडे जात होती आणि समोर तर सलग हिरवी भिंत. आम्ही कुंपणाच्या कडेने दोन्ही बाजूंना जाऊन आलो. शेवटी बाबांनाच दिसलं, आग्या गवतासारख्या नेटल्सच्या आणि ब्रॅम्बलच्या काटेरी जाळीत गाडली गेलेली स्टाइल, बाणाचा खिळा निघून उलटा लोंबत होता. नेटल लागलं की हातावर गांध्या उठतात आणि तासभर जळजळ होते. इथले लोक त्यावर शेजारीच उगवणारं डॉकचं रुंद पान चोळतात. मीही चोळलं, गार वाटलं एवढं नक्की. तिथून काही जाता येईना म्हणून आम्ही शेताच्या गेटातून वळसा घातला आणि थेट एका फार्मच्या अंगणात निघालो. मी नकाशा बघितला तर वाट खरोखरच त्या अंगणातून जात होती, गोठा आणि घराच्या मधून! बाबा आत यायला तयार नाहीत. "अगं, लोकांच्या दारातून असं कसं जायचं, हाक तरी मार." मी हाक मारायच्या आत गोठ्यातून एक बाई आल्या, रबरी बूट, हातात बादली. मी माफी मागायला लागले तर त्या म्हणाल्या माफी कसली, वाट हीच आहे, फक्त पलीकडचं गेट जसं होतं तसं ठेवा. गेटाचा नियम इथे सगळ्यात पक्का, बंद असेल तर बंद करून जायचं, उघडं असेल तर उघडंच राहू द्यायचं, कारण गुरांना पाण्यावर जायला ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं. बाबांनी मला विचारायला लावलं की गाई किती आणि दूध कुठं घालता. पंधरा मिनिटं मी दुभाषी. जाताना बाबांनी हात जोडले आणि त्यांनीही बादली खाली ठेवून हात जोडले.

त्याच्या पुढच्या कुरणात तरुण बैलांचा कळप होता, वीसेक तरी. आम्ही अर्ध्यात पोचलो आणि ते आमच्याकडे धावत सुटले. माझे पाय लटपटले. वाचलेलं आठवत होतं, पळायचं नाही, शांतपणे कडेकडेने चालत राहायचं, गाय आणि वासराच्या मध्ये कधी जायचं नाही, आणि कुत्रा सोबत असेल तर त्याला सोडून द्यायचं कारण गुरं कुत्र्यामागे लागतात. वाचणं वेगळं आणि समोर वीस बैल वेगळं. बाबा वळून उभे राहिले, हात पसरले आणि गावाकडच्या आवाजात "हो... होहोहो..." असं सुरू केलं. ते सगळे दहा पावलांवर येऊन थांबले, फुरफुरले आणि आमच्याकडे बघत राहिले. "पोरं आहेत गं ती, बघायला आलीत," बाबा म्हणाले. तरी मी सांगेन की गुरांना गृहीत धरू नका, दरवर्षी इथे चालणारे लोक गुरांमुळे जखमी होतात. वासरं असलेल्या गाई दिसल्या तर लांबून वळसा घ्या, त्यासाठी वाट सोडावी लागली तरी चालतं.

दोन आठवड्यांनी डोंगर. आम्ही चौघं वुल्व्हरहॅम्प्टनहून ट्रेनने श्रूजबरी आणि तिथे गाडी बदलून चर्च स्ट्रेटन. स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या-उजव्या दोन्ही हातांना डोंगर, पूर्वेला केअर कॅराडॉक आणि पश्चिमेला लाँग मिंडची लांब पाठ. कुठल्याच गाडीशिवाय थेट डोंगराच्या पायथ्याला उतरता येतं, म्हणून पाहुण्यांना मी हेच गाव सांगते.

वेळेचा हिशोब आम्ही आधी करून ठेवला होता. इथे नेस्मिथचा नियम वापरतात, १८९२ चा आहे, पाच किलोमीटरला एक तास आणि वर चढायच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. आमची फेरी साधारण बारा किलोमीटर आणि चढ सव्वातीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे नियमाप्रमाणे तीन तास. आम्हाला साडेपाच लागले. सत्तरीच्या माणसासोबत नियमाची दुप्पट धरा, थांबायला वेळ असला की मजा येते.

कार्डिंग मिल व्हॅलीत ओढ्याच्या कडेला आई आणि नवरा टीरूममध्ये बसले. पूर्वी तिथे लोकर पिंजायची गिरणी होती म्हणून हे नाव. आम्ही दोघं वर निघालो. खोरं अरुंद होत जातं, ओढा दोन-तीनदा ओलांडावा लागतो, दोन्ही बाजूंना कमरेएवढं ब्रॅकन, म्हणजे नेच्याचाच एक प्रकार. या ब्रॅकनमध्ये गोचीड असतात. पूर्ण पँट, मोज्यात खोचलेली, आणि घरी आल्यावर गुडघ्याच्या मागे, काखेत, कमरेला तपासायचं, लागलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. पुढच्या काही आठवड्यांत गोल लाल चट्टा वाढत गेला तर डॉक्टरांकडे, कारण लाइम नावाचा आजार होतो. मला बाबांच्या मोज्यावर एक सापडली, ते म्हणाले गुरांच्या गोचड्या काढण्यात आयुष्य गेलं, दे इकडे.

वर पठारावर पोचलो आणि एकदम आभाळ. हेदर नावाचं बुटकं रानझुडूप नुकतं फुलायला लागलं होतं, जांभळा रंग मैलोन्‌मैल पसरलेला. मला कासच आठवलं आणि बाबांनाही, पण दोघंही बोललो नाही. हेदरच्या मधेमधे बुटकी झुडपं, त्यांना बारीक निळी-काळी फळं, इथले लोक त्यांना व्हिनबेरी म्हणतात. बाबांनी आधी मेंढ्या तिकडे चरतात का ते बघितलं, मग दोन खाल्ली, मग ओंजळभर. जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी निळी. लाँग मिंडचा बराच भाग नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेचा आहे पण ती सामायिक चराईची जमीन, आसपासच्या ठराविक शेतकऱ्यांना तिथे मेंढ्या चारायचा पिढीजात हक्क आहे. "म्हणजे गायरान," बाबा. हो, गायरानच. आणि २००० साली आलेल्या कायद्यामुळे अशा जमिनीवर वाट सोडूनही चालता येतं, नकाशावर तो भाग फिकट पिवळा दाखवलेला असतो. गायरान अजून गायरानच राहिलंय याचं त्यांना फार अप्रूप वाटलं, दोनदा विचारलं की कुणी अतिक्रमण नाही केलं का.

पोल बँक हे लाँग मिंडवरचं सगळ्यात उंच ठिकाण, ५१६ मीटर. तिथे सर्व्हेचा सिमेंटचा खांब आहे. १९३६ पासून सगळ्या ब्रिटनची नव्याने मोजणी केली तेव्हा असे खांब डोंगरमाथ्यांवर उभारले गेले. बाबांनी खांबावर हात ठेवला. आपल्याकडे १८०२ मध्ये मद्रासजवळून त्रिकोणमितीची मोजणी सुरू झाली हे त्यांना नोकरीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं, आपल्या डोंगरांवरच्या मोजणीच्या दगडांवर ते चढलेले. पश्चिमेला स्टिपरस्टोन्सचे दातेरी कडे, त्यामागे वेल्सच्या डोंगरांच्या रांगा एकामागे एक. पायाखालचा खडक साधारण छप्पन्न कोटी वर्षांपूर्वीचा, आपला सह्याद्री साडेसहा कोटींचा, हे सांगितल्यावर ते म्हणाले म्हणून हे डोंगर इतके झिजून गोल झालेत, म्हातारे आहेत.

दशमी सोडून बसलो आणि दहा मिनिटांत ढग खाली आला. खांब दिसतोय पण त्यापलीकडे काही नाही. उन्हाळा होता, वाट रुंद होती, तरी पोटात गोळा आला. याच डोंगरावर १८६५ च्या जानेवारीत डोनाल्ड कार नावाचे पाद्री पलीकडच्या चर्चमधली प्रार्थना आटोपून घरी परतताना बर्फात वाट चुकले आणि रात्रभर भटकून जिवंत परत आले. मी होकायंत्र नकाशावर ठेवून दिशा धरली, स्वेटर चढवले, आणि आम्ही बॉइलिंग वेलकडे उतरलो, तिथून ॲशेस हॉलोमध्ये. शंभर मीटर खाली आलो तर लख्ख ऊन. ॲशेस हॉलोची उतरण मला सगळ्यात आवडली, ओढा पायाशी, कुठे कुठे खडकांवर हात टेकून उतरावं लागतं, बाबांचे बूट एकदाही सरकले नाहीत. खाली लिटल स्ट्रेटनमध्ये गवताने शाकारलेलं छोटं चर्च आहे, १९०३ चं. बाबा त्याच्या बाकावर बसले आणि म्हणाले, इथं शाकारायला माणसं मिळतात म्हणजे कमाल आहे.

ट्रेनमध्ये मला वाटलं ते झोपले. पण डोळे मिटूनच म्हणाले, "त्या पायरीचं काय केलंस?" कुठली? "ती काट्यात बुडालेली. तक्रार दिलीस का?" मी दिली नव्हती. त्याच रात्री काउन्सिलच्या साइटवर वाटांच्या तक्रारीचा फॉर्म उघडला, नकाशावरून सहा आकडी ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून जागेचा नंबर काढला, आधी पूर्वेकडचे तीन आकडे मग उत्तरेकडचे, बाबांनी ते मला दोनदा तपासायला लावले. मजकूर त्यांनी मराठीत सांगितला, मी इंग्रजीत लिहिला. पायरी वापरण्यायोग्य नाही, दिशादर्शक निघून उलटा लोंबतो आहे, सोबत फोटो जोडला आहे. पोच म्हणून नंबर आला तो त्यांनी डायरीत लिहून घेतला.

बाबा सप्टेंबरमध्ये परत गेले. ऑक्टोबरच्या शेवटी मेल आला की काम पूर्ण झालं आहे. मी त्यांना फोनवर वाचून दाखवला तर म्हणाले, "पूर्ण झालं म्हणतात, पण जागेवर जाऊन बघितलंस का?" मग पुढच्या रविवारी मी एकटी कॉर्व्हडेलला गेले. गव्हाच्या शेतात नवीन पीक हिरवं उगवून आलेलं, मधली पट्टी तशीच सोडलेली. कुंपणापाशी जाळी कापलेली, स्टाइलची एक फळी नवी कोरी, पिवळा बाण सरळ. मी पायरीवर चढून फोटो काढला आणि तिथे रेंज नव्हती म्हणून चर्चपर्यंत परत येऊन पाठवला. गावाकडे रात्र झाली होती तरी लगेच फोन आला, फळी कुठल्या लाकडाची आहे ते विचारायला.